एंकहाउझन: स्वतःच्या तटबंदीपेक्षा लहान राहिलेलं गाव

ॲमस्टरडॅमहून उत्तरेला जाणारी ट्रेन साधारण तासाभरात शेवटच्या स्टेशनला लागते. रूळ तिथेच संपतात, समोर बंदर आणि त्याच्यापुढे नुसतं पाणी. हे एंकहाउझन. नेदरलँड्समधे राहणारी आपली मराठी मंडळी घरी पाहुणे आले की त्यांना इकडे आणतात, कारण झाउडरझे म्युझियम इथेच आहे आणि बंदरावरच्या त्या जाडजूड ड्रोमेदारिस बुरुजापाशी फोटो मस्त येतात. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, किती छान जपलंय ना यांनी.

जपलंय हे खरंच, पण ते गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतलं. त्याआधीची जवळजवळ दोनशे वर्षं हे गाव असंच राहिलं कारण जुनं पाडून नवं बांधायला कोणाकडे पैसेच नव्हते. १६२२ च्या शिरगणतीत इथे वीस हजारांच्या वर माणसं होती, एकोणिसाव्या शतकात ती पाच-सहा हजारांवर आली, आणि आज बाहेर नव्या कॉलन्या होऊनही आकडा अठरा-एकोणीस हजारांच्या आसपासच आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी हे गाव आजच्यापेक्षा मोठं होतं. त्यामुळे याची गोष्ट सांगायची तर ते मोठं कशामुळे झालं आणि मग एवढं रिकामं कसं झालं हे दोन्ही सांगावं लागतं, आणि पहिल्या भागात गोवा येतो, चौल येतं, वेंगुर्लं पण येतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी जागा समजून घ्या. आज गावाभोवती जे पाणी दिसतं ते गोडं आहे, पण १९३२ पर्यंत तो समुद्र होता, झाउडरझे नावाचा, मध्ययुगातल्या पुरांनी जमीन फोडून आत घुसलेला उथळ खारा समुद्र. ॲमस्टरडॅमची जहाजं बाहेर जायची तर याच पाण्यातून, आणि एंकहाउझन बरोबर त्या वाटेवर, वेस्ट फ्रीसलंड नावाच्या भागाच्या पूर्वेकडच्या टोकावर. १३५६ च्या सुमारास याला शहराचे हक्क मिळाले. तोपर्यंत शेतकऱ्यांची आणि कोळ्यांची वस्ती होती, आणि पुढे जे काही झालं ते माशामुळे झालं. गावाच्या चिन्हावर आजही तीन हेरिंग मासे आहेत, डोक्यावर मुकुट घातलेले.

हेरिंग हा बांगड्याएवढाच तेलकट मासा, थवेच्या थवे येतात आणि पकडला की लगेच खराब व्हायला लागतो. डच लोकांनी यात जो पैसा केला तो पकडण्यापेक्षा टिकवण्यात केला. जहाजावरच एक माणूस छोट्या सुरीने माशाच्या गळ्यापाशी एकच घाव घालून कल्ले आणि आतडी ओढून काढायचा, पण स्वादुपिंडाचा भाग मुद्दाम आत ठेवायचा, त्यातल्या रसाने मासा मिठात मुरताना मऊ आणि चवदार होतो. मग मिठाचा थर, माशाचा थर असं पिंपात भरायचं. आपल्याकडे बांगडा खारवतात तसंच काहीसं, फक्त हे सगळं भर समुद्रात, हलत्या डेकवर चालायचं, त्यामुळे जहाजाला मासा भरला की पळत घरी यायची गरज नाही, आठवडेच्या आठवडे बाहेर राहता यायचं. या जहाजांना ब्यूस म्हणत. सीझन जूनच्या शेवटी शेटलंड बेटांजवळ सुरू व्हायचा आणि माशांच्या थव्यामागे दक्षिणेला सरकत सरकत हिवाळ्यापर्यंत चालायचा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हॉलंडमधला सगळ्यात मोठा हेरिंगचा ताफा एंकहाउझनचा होता, शेकड्यांनी जहाजं. आणि कोणत्या दिवसापासून पकडायचं, पिंप कसं असावं, त्यावर शिक्का कोणाचा, या सगळ्याचे नियम एक मंडळ ठरवायचं ज्यात रॉटरडॅम, डेल्फ्ट वगैरेंबरोबर एंकहाउझनचेही प्रतिनिधी बसत. हे पिंप बाल्टिकपर्यंत विकलं जायचं आणि येताना तिकडून धान्य आणि लाकूड यायचं. लाकडापासून जहाजं. बघा एकातून एक कसं निघतं.

यात मीठ मात्र बाहेरून लागायचं, ते पोर्तुगालच्या सेतुबालहून यायचं, आणि पोर्तुगाल १५८० पासून स्पेनच्या राजाच्या हाताखाली, ज्या राजाशी डच लोकांचं युद्ध चालू होतं. स्पेनने डच जहाजांना बंदी केली की यांचं मिठाचं अडायचं. १५९९ पासून तर ही जहाजं मिठासाठी थेट अटलांटिक ओलांडून व्हेनेझुएलाच्या अराया मिठागरांपर्यंत जायला लागली, त्यात एंकहाउझन आणि शेजारच्या होर्नची जहाजं पुष्कळ होती. माशासाठी मीठ, मिठासाठी अर्धं जग, इतकं ते गणित साधं होतं.

त्या युद्धातही हे गाव फार लवकर उतरलं. २१ मे १५७२ ला एंकहाउझनने स्पॅनिश राजाची बाजू सोडून डच बंडाचा नेता ऑरेंजचा विल्यम याची बाजू घेतली, हॉलंडच्या उत्तर भागातलं पहिलं शहर. ॲमस्टरडॅम तेव्हा अजून राजाच्या बाजूला होतं, हे बरेच जण विसरतात. बक्षीस म्हणून ॲमस्टरडॅमकडे असलेला एक मोठा हक्क इकडे आला, तो म्हणजे समुद्रातल्या खुणांचे खांब आणि बोये सांभाळण्याचा आणि त्याबद्दल येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांकडून पट्टी घेण्याचा. पुढच्याच वर्षी ऑक्टोबर १५७३ मधे झाउडरझेवर लढाई झाली, होर्न, एंकहाउझन, एडम, मोनिकेंडाम अशा छोट्या गावांच्या जहाजांनी मिळून राजाचा सरदार बॉस्सू याचा ताफा हरवला आणि त्यालाच पकडलं. मग लूट वाटून घेतली, मोनिकेंडामला त्याच्या गळ्यातला मानाचा हार, होर्नला पेला आणि एंकहाउझनला तलवार. गावागावांमधली ही वाटणी मला फार आवडते, कोणाला काय मिळालं हे त्या गावांमधे आजही लोकांना माहीत असतं.

आता तटबंदी. १५९० च्या दशकात गावात पैसा एवढा खेळत होता की पश्चिमेकडे भलीमोठी वाढ आखली, नवे बुरुज, नवा खंदक, आत नवे रस्ते, पुढची शंभर वर्षं गाव वाढतच जाणार असं धरून. त्या हिशोबाची आठवण ठेवा, पुढे लागेल.

याच दशकात गोव्याहून एक माणूस घरी परतला.

यान हाउखन व्हान लिन्शोटन. जन्म हार्लेमचा, १५६२-६३ च्या सुमाराचा, पण लहानपणीच घरचे एंकहाउझनला आलेले. पोरगा तेरा-चौदा वर्षांचा असताना १५७६ मधे भावांकडे स्पेनला गेला, तिथून लिस्बनला, आणि १५८३ मधे गोव्याच्या नव्या आर्चबिशपच्या नोकरीत कारकून म्हणून जहाजावर चढला. सप्टेंबरमधे गोव्याला पोचला आणि पाच वर्षं राहिला. हा दर्यावर्दी नव्हता, सैनिक नव्हता, ऑफिसात बसून लिहिणारा माणूस होता, आणि आर्चबिशपचं ऑफिस म्हणजे गोव्यातली सगळी खबर जिथून जाते अशी जागा. त्याने जे जे दिसलं, ऐकलं, कागदावर वाचलं ते टिपून ठेवलं. पोर्तुगीज खलाशांच्या मार्गदर्शक वह्या, म्हणजे कुठल्या महिन्यात निघायचं, कुठला डोंगर दिसला की कुठे वळायचं, पाणी किती खोल, या पोर्तुगालने शंभर वर्षं परक्यांपासून लपवून ठेवलेल्या गोष्टी त्याने उतरवून घेतल्या.

आणि आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं म्हणजे त्याने जमिनीवरचं आयुष्यही उतरवलं. गोव्याच्या सरळ रस्त्यावर रोज सकाळी भरणारा लिलाव त्याने वर्णन केलाय, आपण आज ज्याला ओल्ड गोवा म्हणतो तिथलाच हा रस्ता, तिथे अरबी घोडे, मसाले, मेलेल्या माणसाच्या घरातलं सामान, आणि त्याच रांगेत गुलाम, बायका आणि पुरुष, जनावरांसारखे विकायला उभे केलेले. त्याच्या पुस्तकात या बाजाराचं मोठं चित्रही आहे. आंबा, फणस, काजू, नारळ, विड्याचं पान, सगळ्यावर लिहिलंय. चौल, दाभोळ, वसई या बंदरांबद्दल लिहिलंय, घाटावरच्या आदिलशाही आणि निजामशाहीबद्दल लिहिलंय. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या कोकणाबद्दल एवढं बारीक लिहिणारे युरोपियन थोडे, आणि त्यातला एक या छोट्या डच गावचा. त्याचं लिखाण पूर्वग्रहाने भरलेलं पण आहे, हिंदू धर्माबद्दल तो त्या काळच्या ख्रिश्चन माणसासारखंच लिहितो, ते बाजूला ठेवूनच वाचावं लागतं.

त्याच वेळी गोव्यात, साष्टी भागात, ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स होते. लिन्शोटन पोचला त्याच वर्षाच्या शेवटी राल्फ फिच आणि त्याच्या सोबतच्या इंग्रज व्यापाऱ्यांना होर्मुझहून पकडून गोव्याच्या तुरुंगात आणलं, त्यांना जामिनावर सोडवायला या फादरांनी मदत केली, आणि हा सगळा प्रकार लिन्शोटननेही लिहून ठेवलाय. म्हणजे मराठीतला पहिला मोठा ख्रिस्ती कवी, भारतावर लिहिणारा एक सुरुवातीचा इंग्रज आणि डच लोकांना भारताचा रस्ता दाखवणारा कारकून हे एकाच वेळी गोव्यात होते. एंकहाउझनचा अजून एक जण पण तिथेच होता, डिर्क पोम्प, जो वर्षानुवर्षं गोव्यात राहिला आणि पोर्तुगीज जहाजावरून चीन-जपानला जाऊन आला, गावात त्याला डिर्क चायनाच म्हणायचे.

लिन्शोटन १५९२ मधे घरी परतला. आणि गाव त्याच्यासाठी तयारच होतं असं म्हणावं लागेल, कारण इथे तेव्हा लुकास वाखेनार होता, ज्याने १५८४ मधे छापलेले समुद्राचे नकाशे पूर्ण युरोपभर वापरत होते, आणि डॉक्टर पालुदानस होता, ज्याच्या घरात जगभरातले शंख, बिया, दगड, वाळवलेले प्राणी, शस्त्रं असा प्रचंड संग्रह होता आणि लांबलांबून लोक बघायला यायचे. लायडन विद्यापीठाने त्याला आपली बाग सांभाळायला बोलावलं तरी तो एंकहाउझन सोडून गेला नाही. लिन्शोटनच्या पुस्तकात झाडं, फळं, औषधांबद्दल ज्या विद्वान टिपा आहेत त्या या डॉक्टरच्या. एक गोव्यात राहून आलेला, एक पुस्तकं आणि नमुने हाताशी असलेला, एक नकाशे काढणारा, सगळे चालत पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर.

प्रवासमार्गांचा भाग १५९५ मधे छापून झाला आणि पूर्ण ग्रंथ १५९६ मधे. १५९५ मधे कॉर्नेलिस दे हाउटमनची चार जहाजं पूर्वेला निघाली तेव्हा ही माहिती त्यांच्याकडे होती. लिन्शोटनचा सल्ला असा की मलाक्काकडे पोर्तुगीज बसलेत तिकडे जाऊ नका, सुमात्राच्या दक्षिणेने सुंदा सामुद्रधुनीतून जावाला जा. ते तसेच गेले. अडीचशेच्या आसपास माणसं गेली, शंभर पण परत आली नाहीत, तरी रस्ता आहे हे सिद्ध झालं. सात वर्षांत, १६०२ मधे, व्हीओसी म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली.

कंपनीच्या सहा शाखा होत्या, ॲमस्टरडॅम, मिडलबर्ग, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एंकहाउझन. सुरुवातीचं भांडवल ६४ लाख गिल्डरच्या वर, त्यात एकट्या एंकहाउझन शाखेने ५,४०,००० जमवले, ॲमस्टरडॅम आणि मिडलबर्ग सोडले तर सगळ्यात जास्त, रॉटरडॅमच्या तिप्पट. पण कारभारातला वाटा ठरवला तो सोळावा हिस्सा, म्हणजे टाकलेल्या पैशाच्या मानाने कमीच, आणि अर्धा वाटा ॲमस्टरडॅमला. पुढच्या घसरणीची एक खूण मला इथेच दिसते, गाव श्रीमंत होतं तेव्हाच निर्णय दुसरीकडे व्हायला लागले होते.

या कंपनीने पूर्वेकडे काय केलं ते लपवून एंकहाउझनची गोष्ट सांगता येणार नाही. १६२१ मधे शेजारच्या होर्नच्या यान पीटरसन कूनने जायफळासाठी आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर हल्ला केला, तिथले बहुतेक लोक मारले गेले, उपाशी मेले, पळाले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. त्या जायफळाच्या नफ्यात सगळ्या शाखा होत्या. आपल्या किनाऱ्यावर हेच लोक वलंदेज म्हणून आले. गोव्याची समुद्रातून नाकेबंदी करायची तर जवळ तळ पाहिजे, म्हणून १६३७ मधे वेंगुर्ल्याला वखार घातली, ती पडकी इमारत अजून बघायला मिळते. या वखारीतून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, कंपनीच्या पूर्वेकडच्या मुख्य ठाण्याला जाणाऱ्या पत्रांमधे शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या आहेत आणि आपले इतिहासकार ती पत्रं वापरतात. एका कारकुनाने गोव्यात बसून लिहिलं आणि चाळीस-पन्नास वर्षांत त्याच्या देशाची जहाजं गोव्याच्या तोंडावर उभी होती. तो स्वतः ते बघायला नव्हता, एंकहाउझनचा खजिनदार म्हणून काम करून १६११ मधेच वारला.

गावात या काळाच्या खुणा पुष्कळ आहेत. कंपनीने १६८२ मधे घेतलेलं पेपरहाउस, मिरीचं गोदाम, आज म्युझियमचा भाग आहे. बैलाचं ते प्रसिद्ध मोठं चित्र काढणारा पाउलस पॉटर १६२५ मधे इथेच जन्मला. पण सगळ्यात जास्त बोलतो तो टाउन हॉल, १६८६ ते ८८ मधे बांधलेला, भव्य, ॲमस्टरडॅमच्या तोडीचा दिसावा असा. आणि तो बांधला तेव्हा गाव उतरणीला लागून बरीच वर्षं झाली होती.

उतरण एका फटक्यात आली नाही. बंदर गाळाने भरत होतं आणि जहाजं मोठी होत होती. हेरिंगच्या ताफ्यावर आधी डंकर्कचे चाचे आणि मग इंग्लंडबरोबरची युद्धं यांनी घाव घातले. व्यापारी पोरं ॲमस्टरडॅमला जायला लागली कारण सगळे सौदे तिकडेच. अठराव्या शतकात घरं रिकामी पडत गेली, लोकांनी ती पाडली आणि विटा विकल्या. १७९९ च्या शेवटी व्हीओसी कायमची बंद झाली, नंतर नेपोलियनच्या काळात समुद्रावरचा व्यापारच बसला. तटबंदीच्या आत जिथे नवे रस्ते आखले होते तिथे गवत आणि गोठे आले. पश्चिमेचा तो भाग आजही बोरनहूक म्हणजे शेतकऱ्यांचा कोपरा म्हणून ओळखला जातो, बुरुजांच्या आत चक्क शेतकऱ्यांची घरं आणि कुरणं. तिथून चालत जाताना जो मोकळेपणा जाणवतो तो कोणी पार्क म्हणून आखलेला नाही, जी घरं कधी बांधलीच गेली नाहीत आणि जी पाडली त्यांची ती जागा आहे.

१८८५ मधे रेल्वे आली आणि जरा जीव आला. ट्रेनमधून उतरायचं, बोटीत बसायचं, पलीकडे फ्रीसलंडमधल्या स्टाव्होरनला पुन्हा ट्रेन, मालगाडीचे डबे सुद्धा बोटीवर चढवून नेत. स्टेशन बंदराला एवढं चिकटून आहे ते म्हणून. त्याच सुमारास मासेमारीही परत चांगली चालायला लागली होती, हेरिंग आणि अँचोवी.

मग १९१६ चा पूर आला. त्यानंतर १९१८ मधे कायदा झाला आणि इंजिनियर कॉर्नेलिस लेलीच्या योजनेप्रमाणे समुद्राचं तोंडच बंद करायचं ठरलं. ३२ किलोमीटरचा आफ्स्लाउटडाइक बांध २८ मे १९३२ ला जोडला गेला. खारं पाणी गोडं झालं, हेरिंग संपला, अँचोवी संपला. सरकारने कोळ्यांना भरपाईचा कायदा केला होता, पण पिढ्यानपिढ्यांचा धंदा काही वर्षांत गेला. बांधावरून रस्ता झाल्यावर स्टाव्होरनच्या बोटीचंही महत्त्व गेलं, आता ती उन्हाळ्यात सायकलवाल्यांना आणि टुरिस्टना नेते. मला स्वतःला वाटतं हा बांध गरजेचा होता, देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली असताना दुसरा उपाय नव्हता, पण त्याची किंमत अशा गावांनी मोजली आणि हे म्युझियममधून हिंडताना लोकांना कळायला पाहिजे. कारण म्युझियम उभं राहिलं तेच त्यासाठी. १९४८ मधे स्थापना, १९८३ मधे उघड्यावरचा भाग सुरू झाला, झाउडरझेच्या काठच्या वेगवेगळ्या गावांमधून घरं, दुकानं, धुरावर मासे सुकवायच्या खोल्या, चुन्याच्या भट्ट्या उचलून इथे आणल्या, काही घरं तर अख्खीच्या अख्खी तराफ्यावर ठेवून पाण्यावरून. ते जुनं गाव वाटतं पण ते एंकहाउझन नाही, ते अनेक गावांचं मिळून आहे, खरं एंकहाउझन कुंपणाबाहेर आहे आणि तिकडे तिकीट लागत नाही. तिकडे पण जा.

१९७६ मधे एंकहाउझन ते लेलीस्टाड दुसऱ्या बांधावरून रस्ता सुरू झाला. मूळ बेत बांधाच्या दक्षिणेचं पाणी उपसून जमीन करायचा होता, म्हणजे गावाच्या एका अंगाला पाण्याऐवजी शेतं आली असती. तो बेत शेवटी सोडून दिला. २००३ पासून इथे जहाजं कालव्यातून वरून जातात आणि गाड्या त्याच्या खालून.

आणि आज गावाचं पोट कशावर चालतं म्हणाल तर टुरिझम आहेच पण खरा पैसा बियाण्यात आहे. वेस्ट फ्रीसलंडची चिकणमातीची जमीन आणि समुद्राजवळची सौम्य हवा भाजीच्या बियाण्याला मानवते, एकोणिसाव्या शतकापासून इथे स्लाउस आणि ग्रोट ही कंपनी होती जी विलीन होत होत आज सिंजेन्टात आहे, आणि एन्झा झाडन १९३८ मधे एंकहाउझनमधलं बियाण्याचं दुकान म्हणून सुरू झाली. एंकहाउझनपासून पश्चिमेला वारमनहाउझनपर्यंतच्या पट्ट्याला आता सीड व्हॅली म्हणतात. सिंजेन्टाचं भारतातलं मुख्य ऑफिस पुण्यात, आणि वारमनहाउझनच्या बेजो कंपनीची भागीदारी जालन्यात, बेजो शीतल. कोबी, टोमॅटो, ढोबळी मिरची लावणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या हातात येणाऱ्या पाकिटातल्या वाणाचं संशोधन याच पट्ट्यात झालेलं असू शकतं.